जिभाऊंचा नाका

स्वतःच्या घरी जाण्यासाठी मी आजवर अकरा वेळा पाच-पाच रुपये भरले आहेत. घर माझं आहे, त्याचे हप्ते मीच फेडतोय, आणि ते घर ज्या सोसायटीत आहे तिचा मी सेक्रेटरी आहे. पण शाळेतला एखादा सहकारी मला स्कूटरवर मागे बसवून सोडायला आला, की गेटवरच्या खुर्चीतून जिभाऊ उठायचे, आडव्या बांबूवर हात ठेवायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "कोठे चालना भो? कसाले?"

म्हणजे, कुठे चाललास आणि कशासाठी.

"जिभाऊ, मी आहे. घरी चाललोय."

"तू घरी चालना. गाडी कोठे चालनी?"

"गाडी मला सोडायला आलीय."

"मग गाडीना पाच रुपया."

"आणि मी इथेच उतरून पायी आलो तर?"

"ये ना. पायीवाल्यास्ले फुकट शे."

आता सहकाऱ्यासमोर पाच रुपयांसाठी गाडीवरून उतरणं बरं दिसत नाही. मी खिशात हात घालायचो. सहकारी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगायचा, की यांच्या गल्लीत यांचंच काही चालत नाही. ते खरंच होतं.

खानदेशात थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात. आमच्या सुरतेतल्या भेस्तानच्या सोसायटीत मात्र लहान-थोर सगळेच त्यांना जिभाऊ म्हणतात. सोसायटीचे प्रमुख जयंतीभाई तर 'जिभाऊभाई' म्हणतात. म्हणजे एकाच माणसाला दोनदा भाऊ करून पुन्हा त्याच्याशीच भांडतात. जिभाऊंचं खरं नाव मला सभासदांच्या यादीत बघावं लागतं.

पस्तीस वर्षं ते लूमच्या खात्यात होते. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात. आधी कारीगर, पुढे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे मास्तर. मी महापालिकेच्या मराठी शाळेतला मास्तर. त्यामुळे मला 'मास्तर' म्हणताना त्यांच्या आवाजात थोडी कीव असायची. हातात पाना न धरता हा माणूस कसला मास्तर, अशी. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धे गेले आहेत. म्हणून ते कुणाशीही बोलतात ते चार लूम पलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी बोलल्यासारखं. सकाळी शेजारच्या घरात त्यांनी वहिनींकडे चहा मागितला की माझ्या बायकोला कळतं, आपणही आधण ठेवावं.

अंतर ते ताक्यांत मोजतात. शंभर-सव्वाशे मीटर कापडाचा एक ताका, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. "दवाखाना? हाऊ काय, पाच ताका." "स्टेशन बावीस ताका शे, रिक्षा कर." मी बुलढाण्याकडचा. चार वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा मला वाटलं, ताका हे सुरतेतलं एखादं सरकारी माप असेल. मी एका रिक्षावाल्याला ताक्याचा भाव विचारला. त्याने मला कापड बाजारात नेऊन सोडलं.

आणि त्यांचं एक वाक्य होतं: "साधी गोट शे, मास्तर." साधी गोष्ट आहे. हे कानावर आलं की मी हातातली पिशवी खाली ठेवायचो, कारण पुढचा पाऊण तास कुठे गेला नाही हे ठरलेलं असायचं.

नाक्याचं असं झालं. होळीनंतर बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं आणि वाहतूक तुंबली. मग कुणालातरी शोध लागला, की आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटातून शिरलं आणि पुढच्या गेटातून निघालं की पुलाचा सगळा पसारा चुकतो. आठवड्याभरात मोबाइलमधली बाईसुद्धा आमच्या गल्लीचं नाव घेऊन 'उजवीकडे वळा' सांगू लागली. रिक्षा, मोटरसायकली, पाण्याचे टँकर, ताक्यांनी भरलेले टेम्पो. ज्या गल्लीत आम्ही पापड वाळत घालायचो ती सुरतेचा राजमार्ग झाली. गेल्या दिवाळीत वर्गणी काढून बसवलेले सिमेंटचे ब्लॉक उखडायला लागले.

गच्चीवर मीटिंग झाली. काही म्हणाले, गेटला कुलूप लावा. काही म्हणाले, लोक कामाला जातात, अडवू नका. जिभाऊ उभे राहिले.

"साधी गोट शे. मी खात्यात मीटरवर मजुरी घेतली. जितला कपडा, तितली मजुरी. रस्त्यानं बी तसंच. जो जितला वापरीन, तो तितला देईन. एक फेरी, पाच रुपया."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. घरी येऊन मी ते वंदनाला सांगितलं, म्हणजे माझ्या बायकोला. आणि ते मला पटेनासं झालं.

"गाडी घेताना कर," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "पेट्रोलवर कर. मोठ्या रस्त्याला लागलं की काचेवरचा टॅग पैसे कापतो तो वेगळाच. आता तुम्ही बांबू घेऊन बसा."

"पण मग ब्लॉक फुटतायत त्याचं काय? ते कुणी भरायचं?"

"ज्यानं फोडले त्यानं."

"म्हणजे फेरीमागे पैसे घ्यायचे, हेच ना?"

"म्हणजे तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्ही बघा."

रस्त्याच्या वापराचे पैसे घ्यावेत की नाही, यावर तेव्हापासून माझं मत अगदी ठाम आहे. फक्त ते रोज बदलतं.

त्यात रस्ता नक्की कुणाचा हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन नकाशे मिळवले. एका नकाशात आमची गल्ली सोसायटीच्या आत होती, दुसऱ्यात बाहेर. मी ते दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले, तर मध्ये माझंच घर नाहीसं झालं. बिल्डर हयात नव्हते आणि त्यांच्या मुलाला ही सोसायटीच आठवत नव्हती. 'रस्ता आतला की बाहेरचा' या विषयावर मी तीन अर्ज लिहिले. भाषा चांगली साधली होती. उत्तराची अजून वाट पाहतोय.

तोवर जिभाऊंनी बांबू आडवा टाकला होता. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. पैसे घेण्याआधी ते प्रत्येकाला कुठे आणि कशाला हे विचारायचेच, आणि तिथेच त्यांच्या साध्या गोष्टीचा गुंता व्हायचा. दवाखान्यात चाललेल्याला माफ. परीक्षेला चाललेल्याला माफ. कामावर चाललेल्याकडून घ्यायचे, कारण तो कमावतो. पण कामावर चाललेला म्हणाला, 'अजून पगार झाला नाही,' तर त्यालाही माफ. बेकार माणूस रस्ता वापरतो ते काम शोधायला, त्याच्याकडून कसे घेणार? एका मोटारवाल्याने सांगितलं, "असाच फिरायला निघालोय," तर जिभाऊंनी त्याच्याकडून दहा घेतले. "बिनकामाना फिरस ना? डबल." मोटारवाला इतका गोंधळला, की दहा देऊन वर आभार मानून गेला.

मे महिन्यात आम्ही सगळे जीप करून नवापूरला एका लग्नाला निघालो. कडोदरा मागे पडलं, पुढे टोलनाका आला, टॅगने पैसे कापले, आणि मागच्या सीटवरून जिभाऊ गरजले, "हाई लूट शे! रस्ता सरकारना, सरकार आपलं, मग आपलाच रस्त्यावर आपण पैसा काबर द्यायचा?"

"जिभाऊ," मी मागे वळून म्हटलं, "आणि आपल्या गेटवर?"

"तठे मी तोंड बघीसन घेस. कोठे चालना विचारस. आठे कोनी विचारं का, की तुम्ही लग्नाला चालले?"

 नाक्यावर कुणी विचारलं नाही, हे खरंच होतं. विचारायला हवं होतं का? नवापूर येईपर्यंत मी याचाच विचार करत होतो, आणि लग्नात अक्षता टाकायच्या राहून गेल्या.

जुलैमध्ये जयंतीभाईंनी पासाची टूम काढली. रोज येणाऱ्या गाड्यांना महिन्याचा पास, काचेवर चिकटवायचा, बांबू वर, गाडी सरळ आत. "मास्तर, आ रोज-रोजनो झगडो कोण करे? पास काढी नाखो. बधा खुश."

मला पटलं. सगळ्यांनाच पटलं. जिभाऊंचा चेहरा मात्र पडला. त्यांनी एकामागून एक मुद्दे काढायला सुरुवात केली. पास काढला की माणूस दिवसातून वीस फेऱ्या मारील. पास काढला आणि आजारी पडला तर त्याचे पैसे बुडाले, त्याचं पाप सोसायटीला. पास धाकट्या भावाने वापरला तर? पासावरचा फोटो जुना असला तर? टेम्पोवाल्यांना तर पास मुळीच द्यायचा नाही, टेम्पोचं वजन रोज वेगळं असतं.

"जिभाऊभाई, वजन प्रमाणे तो तमे लेताज नथी," जयंतीभाई म्हणाले.

"उद्यापासून घेस!"

"काटा क्यां छे?"

"मन्हा हात काटा शे!"

अर्ध्या तासात कुणाला पास हवा होता आणि कुणाला नको, हे कुणालाच सांगता येईना. निर्णय पुढच्या रविवारवर ढकलला. जाताना जयंतीभाई माझ्या कानात म्हणाले, की पास झाला तर म्हाताऱ्याला दिवसभर उन्हात बसावं लागणार नाही, तुम्हीच समजवा. ते आपलेपणाने म्हणत होते. मीही ठरवलं, की चार शब्द सांगावेत. शिकवणं हा माझा धंदाच आहे.

माझी शाळा सकाळची. दुपारी चारच्या सुमारास मी गेटवर गेलो. वहिनींनी आणून दिलेला जेवणाचा डबा खुर्चीखाली तसाच होता. मी पाण्याची रिकामी बादली पालथी घालून शेजारी बसलो.

"जिभाऊ, दोन घास घरी जाऊन खा. तोवर मी बघतो."

"पाच वाजू दे."

"चार ते पाच काय आहे एवढं?"

जिभाऊ रस्त्याकडे बघत राहिले. तेवढ्यात निळ्या ताडपत्रीचा एक टेम्पो वळला. जिभाऊ उठले, टोपी नीट केली, बांबूवर हात ठेवला. आणि मग मी एक नवलच ऐकलं. जिभाऊंचा हळू आवाज.

"कोठे चालना भो?"

"पांडेसरा," चालवणारा तिशीतला तरुण समोर काचेकडे बघत म्हणाला.

"कसाले?"

"माल शे."

त्याने खिशातून शंभराची नोट काढून दिली. त्याच्या समोरच्या खणात पाचची नाणी पसरलेली होती. मी बादलीवर बसलो होतो तिथूनसुद्धा ती दिसत होती. जिभाऊंचे दोन्ही खिसे सुट्या पैशांनी लोंबत होते. त्यांनी आधी डावा खिसा चाचपला, मग उजवा, मग चष्मा शोधला. नोटा मोजल्या, परत मोजल्या. मागे रिक्षा पोंपों करायला लागली. ना हा घाई करत होता, ना तो.

"मागलं चाक बसेल शे," सुटे देता देता जिभाऊ म्हणाले. "हवा भरी ल्हे."

"हा."

टेम्पो गेला. जिभाऊ त्याच्या मागच्या चाकाकडे बघत उभे राहिले. रिक्षावाला पैसे न देताच निघून गेला, तेही त्यांना कळलं नाही.

"जिभाऊ, त्याच्याकडे सुटे होते," मी म्हटलं.

"हा."

"मग?"

"साधी गोट शे, मास्तर," ते म्हणाले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. मी पिशवी खाली ठेवून बसलो होतो.

घरी येऊन मी वंदनाला सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघतो.

"निळी ताडपत्री ना? प्रवीण तो. त्यांचा मुलगा."

"त्यांचा मुलगा तर बाहेर असतो."

"कोसाडला असतो, सुरतेच्याच त्या टोकाला. तुम्हाला काय वाटलं, दुबईला?"

मला खरंच दुबई वाटलं होतं. चार वर्षं मी त्यांना अधूनमधून विचारत होतो, की तिकडे उष्मा कसा आहे. ते म्हणायचे, इथल्यासारखाच.

वहिनींनी वंदनाला सगळं सांगितलं होतं. बायकांना भिंतीपलीकडचं कळायला चार वर्षं लागत नाहीत. प्रवीणने लग्न केलं ते एका ओडिया कारीगराच्या मुलीशी, सस्मिताशी. जिभाऊंनी तेही चालवून घेतलं. पण श्रावणात कानबाई आली. कानबाई हे खानदेशी घरांचं दैवत. रविवारी बसते, सोमवारी तिचं विसर्जन होतं. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू दळतात. जिभाऊंच्या घराची रीत अशी, की माणशी एक मूठ गहू घ्यायचे. आणि रोट भाऊबंदकीतच खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत. त्या वर्षी जिभाऊंनी तीन मुठी घातल्या आणि पिशवीचं तोंड बांधलं. प्रवीण म्हणाला, "चौथी?" जिभाऊ म्हणाले, "भाऊबंद काय म्हणतील?" सस्मिता तिथेच परात घेऊन उभी होती. त्याच आठवड्यात दोघं कोसाडला गेली. वहिनी गुपचूप बस बदलत जाऊन भेटून यायच्या. बाप-लेक एकमेकांशी पाच वर्षांत बोलले नव्हते. मग पुलाचं काम निघालं आणि प्रवीणचा टेम्पो रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारनंतर आमच्या गल्लीतून जायला लागला.

"वहिनी म्हणतात, ते रोज रात्री प्रवीणच्या दोन वाक्यांचा हिशोब सांगतात," वंदना म्हणाली. "आज 'माल आहे' म्हणाला. काल नुसतं 'हा' म्हणाला होता, असं."

पास झाला असता तर टेम्पो थांबला नसता.

रविवारी मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. गेल्या वेळी मी पासाच्या बाजूने होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, जो वापरील त्याने त्या-त्या वेळी द्यावं, हे तत्त्व आहे. मी म्हणालो, पासावरचा फोटो जुना असू शकतो. मी वजनाचा मुद्दा काढला. शेवटी मी काय बोलतोय हे मलाच कळेना, म्हणून मी नागरिकशास्त्राकडे वळलो. जयंतीभाईंनी डोक्याला हात लावला. "मास्तर, तमे पण?" मग ते जिभाऊंकडे बघत राहिले, बराच वेळ. काय ते त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. पण तेच म्हणाले, पूल होईपर्यंत पासाचा विषय काढायचा नाही. इतिवृत्तात मी लिहिलं: 'साधकबाधक चर्चेअंती फेरीनुसार आकारणी कायम.' बाधक चर्चा बहुतेक माझीच होती.

श्रावणात कानबाई बसली. त्या रविवारी नाका बंद होता, गल्लीतून सगळ्या गाड्या फुकट गेल्या. सोमवारी दुपारी विसर्जन आटोपून जिभाऊ गेटवर आले. कपाळाला हळद-कुंकू, पांढरी टोपी, हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. मी भाजी घेऊन परतत होतो. त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर, तू सेक्रेटरी शे. खरं सांग. हाऊ रस्ता आतला शे का बाहेरला?"

"त्याचं असं आहे जिभाऊ, एका नकाशात..."

"नकाशा नको."

"अर्जाचं उत्तर आलं की..."

"मास्तर," ते म्हणाले, आणि हातातला डबा त्यांनी पोटाशी धरला. "डबा घरातून आठलोक लई उनू. आठपावत घरच शे ना? आते सांग. आतला का बाहेरला?"

घरातून आणलेला डबा बांबूशी येऊन थांबला होता. चार वाजून गेले होते. वळणावर निळी ताडपत्री दिसत होती.

"आतला," मी म्हणालो. "पार बांबूपर्यंत घरातलाच."

सेक्रेटरी म्हणून इतकं ठाम उत्तर मी पहिल्यांदाच दिलं. ते खरं आहे की खोटं, मला आजही ठाऊक नाही.

टेम्पो थांबला. प्रवीण शंभराची नोट पुढे करणार, तोच जिभाऊंनी खिडकीतून डबा आत दिला.

"रोट शेतस. तिले बी दे," ते म्हणाले. "चार मुठी घाल्या औंदा."

प्रवीणने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि मांडीवर धरला. मागे एक रिक्षा, दोन मोटरसायकली आणि पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत होते. जिभाऊंनी बांबू वर केला, पण टेम्पो हलला नाही. प्रवीणने चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.